लोंढ्याहून लिस्बनला: पहिले चार दिवस

आमच्या घरात लिस्बन हे नाव मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आलेय. नकाशात कुठं असतं ते ठाऊक नव्हतं, पण नाव पाठ. माझे आजोबा, म्हणजे अण्णांचे वडील, कॅसलरॉक स्टेशनवर पॉइंट्समन होते. कॅसलरॉक म्हणजे त्या काळात आपल्या बाजूचं शेवटचं स्टेशन, पुढं घाटातच हद्द, आणि खाली कुळ्याला पोर्तुगीजांचं कस्टम. मुरगाव बंदरातून घाट चढून येणारी ती मीटरगेज लाईन १८८८ सालची, तिचं नावच वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे. पलीकडची गाडी उशिरा आली की आजोबा म्हणायचे, "आज लिस्बनहून हुकूम यायचा राहिला वाटतं." आजोबा गेले, पोर्तुगीज गेले, मीटरगेज पण गेली, हे वाक्य तेवढं घरात राहिलं. ताटात भाकरी यायला वेळ लागला की अण्णा आईला हेच विचारायचे, काय गं, लिस्बनहून हुकूम यायचाय काय.

अण्णा आता ७८ वर्षांचे. ते पण रेल्वेतच, गार्ड म्हणून रिटायर झाले, लोंढ्याला राहतात, गळ्यात माळ, आषाढीची वारी चुकवत नाहीत. ताईची मुलगी शिकायला लिस्बनला गेली तेव्हा सगळे फी किती, खोलीभाडं किती विचारत होते आणि अण्णांनी एवढंच विचारलं, "तिथलं मेन स्टेशन कुठलं गं?" तेव्हाच मी मनात ठरवलं की ह्यांना न्यायचं. यंदा दिवाळी झाली आणि निघालो. व्हिसा, बँकेचे शिक्के, इन्शुरन्स ह्यात दोन महिने गेले ते सोडून देते. पहिल्या चार दिवसांत जे डोळ्यात आणि कानात शिरलं तेवढंच लिहून ठेवतेय, नंतर सगळं एकमेकात मिसळून जातं.

पहिला दिवस, ३० ऑक्टोबर

प्रवासाचं थोडक्यात. मी बेळगावात राणी चन्नम्मा एक्स्प्रेसला बसले, अण्णा रात्री लोंढ्याला चढले, अंगात स्वेटर, डोक्याला मफलर आणि हातात फराळाची पिशवी जी त्यांनी बेंगळूरपर्यंत खाली ठेवली नाही. बेंगळूरहून दुबई, दुबईहून आठ तास लिस्बन. अण्णा विमानात पहिल्यांदाच बसत होते पण मला वाटलं होतं तसं काही झालं नाही, खिडकीशी बसले, समोरच्या पडद्यावर उंची आणि स्पीडचे आकडे बघत राहिले आणि मध्येच मला सांगत होते, आता साडेआठशेनं चाललीय बघ.

उतरताना ढग फाटले आणि खाली नदी दिसली. तेजो नदी म्हणजे इंग्रजी पुस्तकातली टेगस. मी नदी म्हणतेय पण ती समुद्राला मिळायच्या आधी इतकी पसरते की पलीकडचा काठ धूसर दिसतो, आमच्या मलप्रभेच्या हिशोबानं ती नदी नव्हेच. काठावरनं वर चढत गेलेलं शहर, एकावर एक घरं, आणि सगळ्यांवर लाल कौलं! अण्णा खिडकीला नाक लावून म्हणाले, "अगं, ही तर खानापूरची कौलं." तशीच दिसत होती, जुनी नळीची कौलं, अर्धगोल, एकात एक बसवलेली. पोर्तुगाल बघून अण्णांच्या तोंडून निघालेला पहिला शब्द खानापूर, हे मला कायम आठवणार.

विमानतळ शहराच्या अगदी पोटातच आहे, मेट्रो आतूनच सुटते. भाची घ्यायला आली होती, आजोबांना बघून आधी पाया पडली मग गळ्यात पडली. पाटीवर शहराचं नाव लिस्बोआ, आणि ते लोक म्हणतात लिझ्बोआ. मेट्रोत मी गप बसून नुसती ऐकत होते. त्यांचं बोलणं तोंडातल्या तोंडात, शब्दाचा शेवट गिळलेला, सगळीकडं श-श-श, जसं कोणी देवळात हळू आवाजात बोलतंय. गोव्यातल्या म्हाताऱ्या माणसांची पोर्तुगीज मी लहानपणी मडगावात ऐकलेली, ती कशी मोकळी, सगळी अक्षरं ऐकू येणारी. ही वेगळीच.

आंजुश नावाच्या स्टेशनवर उतरलो, पायऱ्या चढून वर आलो आणि मी थांबलेच. ऊन. नोव्हेंबर तोंडावर आलेला, हवा गार, पण उजेड एवढा पांढरा की डोळे बारीक करावे लागले. मग लक्षात आलं की उजेड वरून येतोय तेवढाच खालूनही येतोय, कारण फूटपाथ पांढऱ्या चुनखडी दगडाचे, मुठीएवढे छोटे छोटे तुकडे हातानं बसवलेले, मधे काळ्या दगडाची नक्षी. मैलच्या मैल हेच. माणसाच्या पायानं घासून घासून ते दगड फरशीसारखे गुळगुळीत झालेत, दिसायला सुंदर पण अण्णांची काठी त्यावरनं सटकायला लागली. मी म्हटलं, "अण्णा, निधानानं." हा आमच्याकडचा शब्द, कानडीतनं आलेला, सावकाश असा अर्थ, पण सावकाश म्हणून अण्णा थांबत नाहीत, निधानानं म्हटलं की थांबतात.

भाचीची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. घरमालकीण बाई खालीच राहतात, सत्तरीच्या असतील, काळा स्कर्ट, खांद्यावर शाल. त्यांनी वरच्या मजल्यावरची एक रिकामी खोली आम्हाला चार दिवसांसाठी दिली होती. त्या बोलत होत्या, भाची भाषांतर करत होती, आणि तेवढ्यात बाईंनी खिशातनं किल्ली काढून अण्णांच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, शाव्ह. अण्णांनी हात तसाच ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. "चावी म्हणाली काय गं ती?" भाची म्हणाली, "होय आजोबा, लिहितात चावेच्या जवळपास, म्हणतात शाव्ह. आपली चावी इथनंच गेलीय." मग बाईंनी न्हाणीघर दाखवलं, तिथं प्लास्टिकची बादली होती, तिला त्या बाल्द म्हणाल्या. आम्ही घरी बालदीच म्हणतो! अण्णा बालदीकडं बोट करून मोठ्यानं म्हणाले, बालदी. बाई हसल्या, बाल्द. अण्णा परत, बालदी. असं दोघांचं तीन-चार वेळा झालं, शाळेतल्या पोरांसारखं, आणि मी दारात उभी, दोन दिवसांचा प्रवास अंगात, आणि डोळ्यात पाणी कशासाठी आलं ते मला सांगता येणार नाही.

संध्याकाळी भाचीनं सूप केलं, काल्दु वेर्द म्हणतात, बटाटा उकडून घोटायचा आणि त्यात हिरवी पानं केसासारखी बारीक चिरून घालायची. खरं तर त्यात डुकराच्या सॉसेजच्या चकत्या असतात, माळेसाठी तिनं त्या घातल्या नाहीत. त्या पानांना इथं कोव्ह म्हणतात. बटाट्याला बतात. सोबत पाव, त्याला पांव, नाकातनं. म्हणजे अण्णांच्या पुढ्यात पहिल्या रात्री जे ताट होतं त्यात कोबी, बटाटा, पाव, आणि तिन्हीची नावं त्यांच्या ओळखीची. त्यांनी दोन वाट्या सूप घेतलं, आणि झोपायच्या आधी विचारलं की मग पगार? मी म्हटलं पगार पण, इथं पैसे देणे म्हणजे पगार. लिलाव पण. मेस्त्री पण. काजू, अननस, तुरुंग, काडतूस. "तुरुंग आणि काडतूस तर आणणारच ते," असं म्हणून त्यांनी पांघरूण ओढून घेतलं.

दुसरा दिवस, ३१ ऑक्टोबर

पहाटे चारलाच जाग, आपल्याकडं साडेनऊ वाजलेले, शरीर बेळगावच्याच टायमात. उजाडल्यावर मार्तिं मोनिशला गेलो, तिथनं २८ नंबरची ट्राम सुटते. नऊनंतर तिला एवढी रांग असते की विचारू नका, आणि खिसेकापू पण असतात म्हणतात, म्हणून भाचीनं लवकर काढलं. पिवळी, लाकडी बाकांची, एकच डबा, १९३० च्या दशकातल्या ह्या गाड्या अजून चालतात. अण्णा बसायच्या आधी खाली वाकून रूळ बघत होते. मीटरगेजपेक्षा पण बारीक आहे म्हणाले. भाचीनं फोनवर बघितलं, दोन रुळांमधलं अंतर ९०० मिलिमीटर. अण्णांनी नुसती मान हलवली.

ट्राम आल्फामा भागातनं जाते तेव्हा दोन्ही बाजूंच्या भिंती इतक्या जवळ की हात बाहेर काढला तर कुणाच्या दाराची कडी हाताला लागेल. ह्या गल्ल्या १७५५ च्या भूकंपात बऱ्याचशा वाचल्या, त्यामुळं अजून तशाच वाकड्यातिकड्या. आल्फामा हे नाव अरबी, गरम पाण्याचे झरे अशा अर्थाचं, कारण ११४७ मध्ये पहिल्या आफोन्सु राजानं शहर घेतलं त्याआधी चारशेहून जास्त वर्षं इथं मूर मुसलमानांचं राज्य होतं. भिंतींवर निळ्या-पांढऱ्या चकचकीत फरशा, आझुलेजु, तो शब्द पण अरबीच. मला हे ऐकून बरं वाटलं. आमच्या बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती आहे, दुर्गादेवीचं देऊळ आहे, मशीद आहे, थोडं पुढं कॅम्पात चर्च आहे, आणि घरात आम्ही मराठी बोलताना तूप म्हणतो तो शब्द कानडी असल्याचं आमच्या मराठीच्या बाईंनीच सांगितलेलं. ज्या गावातनं वेगवेगळी राज्यं गेली तिथं भाषा अशीच होते, थरावर थर.

सांता लुझिया नावाच्या सज्जावर उतरलो. खाली पुन्हा ती कौलं आणि पलीकडं नदी. खिडक्याखिडक्यांतनं दोरीवर कपडे वाळत घातलेले, बनियन, चादरी, पोरांचे मोजे, टुरिस्ट फोटो काढतायत त्याचं कुणाला काही नाही. एक म्हातारी खिडकीत कोपर टेकून रस्ता बघत होती, अर्ध्या तासानं आम्ही परतलो तेव्हा पण तिथंच. लोंढ्याला आमच्या शेजारच्या आक्का अशाच बसतात.

उतरणीवर अण्णा घसरले. फार नाही, गुडघा टेकला एवढंच, पण माझा जीव गोळा झाला. समोरच्या दुकानातला पोरगा धावत आला, खुर्ची आणली, पाणी आणलं, पैसे घेईना. अण्णांनी भाचीला विचारून ओब्रिगादु म्हटलं. बाईनं म्हणायचं तर ओब्रिगादा, बोलणारी बाई असली तर दा आणि बाप्या असला तर दु, हे मी तिथं खुर्चीशेजारी उभं राहून शिकले. दुपारनंतर खोलीवरच राहिलो, गुडघ्याला बाम.

तिसरा दिवस, १ नोव्हेंबर

आमच्या बेळगावात १ नोव्हेंबर हा साधा दिवस नसतो. १९५६ ला ह्याच तारखेला भाषावार राज्यं झाली आणि आम्ही कर्नाटकात (तेव्हाचं म्हैसूर राज्य) आलो, तेव्हापासून एका बाजूला राज्योत्सवाची मिरवणूक, लाल-पिवळे झेंडे, आणि दुसऱ्या बाजूला मराठी माणसांचा काळा दिवस, काळ्या पट्ट्या लावून फेरी. मी लहान होते तेव्हा ह्या दिवशी आई बाहेर पाठवायची नाही. आयुष्यात पहिल्यांदा ह्या तारखेला मी बेळगावच्या बाहेर होते, आणि जिथं होते तिथं पण १ नोव्हेंबर साधा नाही.

सकाळी दहाच्या सुमाराला दार वाजलं. उघडलं तर दोन लहान पोरं, खालच्या मजल्यावरची, हातात कापडी पिशव्या, आणि दोघंही एका सुरात ओरडली, पांव पोर देउश! देवाच्या नावानं पाव. भाची आतनं पळत आली, तिला पण ठाऊक नव्हतं की ह्या बिल्डिंगमध्ये अजून कोणी करतं म्हणून, शहरात हे कमी झालंय म्हणे. सर्व संतांच्या सणाला पोरं घरोघर फिरून मागतात, कोणी पाव देतं, कोणी सुका मेवा, कोणी गोळ्या. लिस्बनकडं असं सांगतात की भूकंपानंतर लोकांवर खरंच दारोदार पाव मागायची वेळ आली होती त्याची ही आठवण. अण्णा उठले, फराळाची पिशवी उघडली, आणि दोघांच्या पिशवीत एकेक मूठ शंकरपाळी आणि दोन-दोन चकल्या घातल्या. मोठ्या पोरानं चकलीचा वेढा बोटात घालून बघितला. थोड्या वेळानं त्यांची आई वर आली, तिनं अक्रोड आणि सुके अंजीर आणून दिले. पाव मागायला आलेल्याला रिकामं पाठवायचं नाही हे अण्णांना कुणी शिकवायला नको होतं, आमच्या दारात वासुदेव आला की आई सुपातनं धान्य घालायची तेव्हा हेच ते शेजारी उभे असायचे.

मग रोसियु चौकात गेलो. चौकाची जमीन लाटांच्या नक्षीची, काळी-पांढरी, १८४८-४९ ला घातलेली, आणि बघत चाललं की खरंच जमीन हलल्यासारखी वाटते, मी अण्णांचा दंड धरूनच चालले. त्याला लागून सांव दुमिंगुश नावाचं चर्च. बाहेरून साधं. आत गेले आणि मला बोलता येईना. खांब फुटलेले, कडा उडालेल्या, दगड भाजून लाल-काळे पडलेले, जणू काल विझवलंय. १५३१ चा भूकंप ह्यानं बघितला, १७५५ चा बघितला, परत बांधलं, आणि १९५९ मध्ये आतनं आग लागून जळालं. १९९४ ला पुन्हा उघडलं तेव्हा छत नवीन केलं पण खांब झाकले नाहीत, भाजलेले तसेच ठेवले. आत मास, म्हणजे सणाची प्रार्थना, चालू होता, चर्च भरलेलं, मेणबत्त्या पेटलेल्या.

आणि तेव्हाच ते अंगावर आलं. १ नोव्हेंबर १७५५, सकाळी साडेनऊ-पावणेदहा, असाच सण, अशीच चर्चं भरलेली, अशाच मेणबत्त्या. जमीन हलली ती काही मिनिटं हलतच राहिली, चर्चं माणसांवर पडली, जी बाहेर पळाली ती मोकळ्या जागेसाठी नदीकडं गेली आणि तासाभराच्या आत तिकडनं समुद्राची लाट आली, आणि पडलेल्या घरांतनं मेणबत्त्यांनी, चुलींनी आग धरली ती पाच-सहा दिवस जळत होती. हजारो माणसं गेली, आकडे वेगवेगळे देतात. मी एका खांबाला हात लावला. गार होता. मागं एक आफ्रिकन बाई डोक्याला रुमाल बांधून हळू आवाजात गात होती, आणि अण्णा हात जोडून उभे, ओठ हलतायत, ते काय म्हणत होते मला माहितेय, ते कुठंही तेच म्हणतात.

बाहेर पडल्यावर बायशा भागातनं नदीपर्यंत चालत गेलो. हा भूकंपानंतर नवा बांधलेला भाग, रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ. पोम्बाल नावाचा मंत्री होता, त्यानं सूत्रं हातात घेतली आणि इंजिनियर लोकांनी भिंतीच्या आत लाकडाचा सांगाडा घालायची पद्धत काढली, उभे-आडवे-तिरपे वासे, त्याला गायोला म्हणतात, पिंजरा. जमीन हलली तर दगड पडेल पण पिंजरा उभा राहील. नमुना बांधून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून बघितलं असं सांगतात. अण्णांना हे फार आवडलं, पुलावर नवीन इंजिन घालायच्या आधी चाचणी घेतात तसंच की, म्हणाले. रस्त्यांना धंद्यांची नावं, सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा रस्ता, कापडवाल्यांचा रस्ता. आमची बुरुड गल्ली, भोई गल्ली, मेणसी गल्ली आठवली, फक्त आमच्या पट्टीनं आखलेल्या नाहीत.

कोपऱ्याकोपऱ्यावर धुराचा लोट, चेस्टनट भाजणारे गाडे. सालीवर मिठाची पांढरी राख धरलेली, कागदाच्या पुडीत डझनभर घालून देतात. चव रताळं आणि काजू ह्यांच्या मधली, मला नीट सांगता येत नाही. पण गरम पुडी दोन्ही हातात धरून चालायचं सुख मात्र शेंगांचंच, खडेबाजारातलं.

संध्याकाळी कार्मु चौकात बसलो. तिथं एक मठाचं चर्च आहे, चौदाव्या शतकात सुरू केलेलं, १७५५ ला छत पडलं आणि ते परत घातलंच नाही. कमानी उभ्या आहेत आणि वर आभाळ. शेजारी पोलीस दलाची बराक. भाची म्हणाली, आजोबा, २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशाही गेली ती इथंच, सैन्यानं चौक वेढला, लोक झाडांवर चढले, आणि पंतप्रधान कायतानु ह्या बराकीत शरण आला, सैनिकांच्या बंदुकीत लोकांनी लाल कार्नेशनची फुलं खोचली. अण्णा बराच वेळ त्या दाराकडं बघत होते. मग सांगायला लागले. १९५५ ला सत्याग्रही गोव्यात शिरले, गोळीबार झाला, नाकेबंदी झाली, गाडी बंद. ते आठ वर्षांचे. कॅसलरॉकच्या यार्डात रुळांवर गवत वाढलेलं त्यांनी बघितलंय. डिसेंबर १९६१ ला बेळगावात लष्कर गोळा झालं तेव्हा चौदा वर्षांचे, शाळा बुडवून लष्करी गाड्या मोजत बसायचे. १७ ला रात्री शिरले, १९ ला गोवा मोकळा. पण ह्या शहरानं ते मान्य केलं नव्हतं. इथल्या सरकारच्या कागदावर गोवा पुढं तेरा वर्षं त्यांचाच होता, ह्या चौकातली क्रांती झाली तेव्हा कुठं १९७४ च्या डिसेंबरात करार करून मान्य केलं. हे शेवटचं अण्णांना माहीत नव्हतं. "म्हणजे हुकूम आला म्हणायचा शेवटी," एवढंच बोलले.

मला त्या बाकावर बसून एक वाटलं ते लिहिते. सहा-सात वर्षं घाटातनं गाडी गेली नाही, माणूस गेला नाही, पत्र जायचं तरी लांबच्या वाटेनं. पण त्या सगळ्या वर्षांत आमच्या आजीनं रोज सकाळी बालदी भरली आणि कपाटाची चावी कमरेला खोचली. शब्दांना कुणी नाक्यावर अडवलं नाही. आमच्या भागात पाटी कुठल्या भाषेत लावायची ह्यावरून डोकी फुटलेली मी बघितलीयेत, मला भाषेचा अभिमान आहे आणि राहणार, पण घरातल्या वस्तूंची नावं कुठनं कुठनं चालत आलीत हे कळल्यावर माझ्या आत काहीतरी सैल झालं खरं.

चौथा दिवस, २ नोव्हेंबर

बेलेंला जायला काइश दु सोद्रे स्टेशनवरनं लोकल. अण्णांना चार दिवसांत पहिल्यांदा खरीखुरी रेल्वे दिसली. प्लॅटफॉर्मच्या कडेला (पिवळ्या रेषेच्या मागंच) उभं राहून त्यांनी रूळ बघितले आणि मान वर करून म्हणाले, ब्रॉडगेज. मी म्हटलं युरोपात असं नसतं अण्णा, तिकडं स्टँडर्ड गेज, बारीक. ते ऐकेनात. "पस्तीस वर्षं बघितलंय गं, डोळा चुकणार नाही." भाचीनं फोन काढला. स्पेन-पोर्तुगालचा रूळ १६६८ मिलिमीटर. आपला १६७६. आठ मिलिमीटरचा फरक. गाडीत बसल्यावर पण अण्णांच्या चेहऱ्यावर ते समाधान होतं, आणि त्यांनी लगेच लोंढ्याला त्यांच्या जुन्या ड्रायव्हर मित्राला फोन लावला, अख्ख्या डब्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

बेलेंचा जेरोनिमुश मठ दुपारी बघितला. पांढऱ्या दगडात दोरखंड, शिंपले, पानं, असं कोरलंय की दगड आहे हे विसरायला होतं. १५०१ च्या सुमारास काम सुरू झालं, शंभर वर्षं चाललं. दारातनं आत गेलं की डाव्या हाताला वास्को द गामाची कबर, उजवीकडं त्यांचा मोठा कवी कामोंइश. गामा वारला आपल्या कोचीनला, १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी. दगडात कोरलेला तो हात जोडून झोपलाय, लोक रांगेनं फोटो काढत होते.

हा मठ बांधायला पैसा कुठनं आला तर मिरीतनं. पूर्वेकडनं येणाऱ्या मसाल्यावर पाच टक्के कर लावला होता, त्यातनं. मला मेणसी गल्ली आठवली, कानडीत मेणसु म्हणजे मिरी. तिथल्या पोत्यांतनं येणारा तो नाकात जाणारा वास, शिंक यायच्या आधीचा. मी त्या कमानींखाली उभी राहून वर बघत होते, सुंदरच आहे, इतकं सुंदर मी दुसरं काही बघितलेलं नाही, आणि तरी मनात येत राहिलं की ह्यातली किती कमान आपल्या किनाऱ्याची. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, पाडलेली देवळं, घाट चढून बेळगाव-खानापुरात आलेली कुटुंबं, त्यांचे कुलदेव अजून गोव्यात आहेत आणि ते दरवर्षी जत्रेला खाली जातात. ह्यातलं काही त्या दगडावर लिहिलेलं मला दिसलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या. मी दोन्ही घेऊन बाहेर पडले.

शेजारीच १८३७ पासूनचं दुकान, त्यांचे ते प्रसिद्ध पेस्ट्रीचे द्रोण, वर दालचिनी आणि पिठीसाखर. त्यात अंड्याचा बलक असतो म्हणून अण्णांनी घेतला नाही. मी घेतला, गरम, पापुद्रा कुरकुरीत, आतली मलई वर डागलेली. आमच्या कुंद्यात दूध आटवून असा भाजका रंग येतो, चव वेगळी पण तो रंग तोच. अण्णांनी बसून दालचिनीची डबी हुंगली.

परत येताना अण्णा म्हणाले, आता मेन स्टेशन दाखवा. मेन तसं दुसरं आहे, पण भाचीनं रोसियुला नेलं, जवळ होतं म्हणून आणि सुंदर म्हणून पण. समोरचं दार म्हणजे घोड्याच्या नालांसारख्या दोन कमानी शेजारी शेजारी, स्टेशन १८९० ला सुरू झालेलं. गंमत म्हणजे, प्लॅटफॉर्म रस्त्याच्या कितीतरी वर, सरकत्या जिन्यांनी चढून जायचं, आणि प्लॅटफॉर्म संपला की लगेच अडीच किलोमीटरचा बोगदा. आम्हाला कुठं जायचं नव्हतं. कार्ड टेकवून आत गेलो आणि बाकावर बसलो.

सिंत्राची गाडी लागलेली. दारं उघडी, माणसं चढतायत, ऑफिसातली, भाजीच्या पिशव्या घेतलेली, एका पोराच्या हातात चेस्टनटची पुडी. अण्णांनी डबे मोजले. बोगद्याच्या तोंडाशी सिग्नल लाल. ते काठीवर दोन्ही हात ठेवून त्या सिग्नलकडं बघत होते, गार्डच्या नोकरीत जसं बघत आले असतील तसं, पापणी न हलवता.

मी विचारलं, "अण्णा, निघायचं का, गार पडलंय."

"थांब की," ते म्हणाले. "हुकूम यायचाय."

सिग्नल हिरवा झाला, दारं लागली, आणि गाडी आवाज न करता बोगद्यात शिरली. शेवटच्या डब्याचा लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत अण्णांनी हात वर धरला होता.